आधी माणसं, मग भिंती: चिनरीच्या रीतीने शाईचं रेखाटन

जुन्या वास्तूंची रेखाटनं करणाऱ्यांच्या वह्या चाळल्या की एक गोष्ट हमखास दिसते. कमान सुरेख, खांबावरची नक्षी निगुतीने काढलेली, विटा तर मोजून घ्याव्यात अशा. आणि खाली कोपऱ्यात दोन-तीन माणसं, शेवटी आठवण झाली म्हणून चिकटवलेली. एकाचे पाय अधांतरी, दुसऱ्याचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं. माझ्याही वह्यांत वर्षानुवर्षं हेच होतं. ते सुटलं जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराची चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमधली रेखाटनं नीट पाहिल्यावर, आणि त्यातही त्यांची नक्कल करायला बसल्यावर.

चिनरी १७७४ साली लंडनमध्ये जन्मला, १८०२ मध्ये मद्रासला आला आणि पुढे ढाका-कलकत्ता करत बावीस-तेवीस वर्षं हिंदुस्थानात राहिला. साहेबलोकांची व्यक्तिचित्रं काढून त्याने भरपूर कमावलं आणि त्याहून जास्त उधळलं. घेणेकऱ्यांचा तगादा असह्य झाला तेव्हा १८२५ मध्ये त्याने मकाव गाठलं. १८५२ मध्ये तो तिथेच वारला, तिथल्या जुन्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्याची कबर आहे. पोटासाठी तैलरंगातली व्यक्तिचित्रं चालूच होती. पण सकाळी उठून गल्ल्या, घाट, चर्चसमोरचे चौक कागदावर उतरवण्याचं वेड त्याला शेवटपर्यंत पुरलं. तो पोचला तेव्हा मकावचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारच्या अखत्यारीत होता. १८४४ मध्ये तो कारभार गोव्यापासून वेगळा झाला. म्हणूनच त्या चित्रांतल्या चर्चच्या दर्शनी भिंती, गोलाकार नक्षीच्या कडा, चुन्याचे पोपडे हे सगळं जुनं गोवं किंवा वसई पाहिलेल्याला ओळखीचं वाटतं.

तो काळ भग्न वास्तूंच्या प्रेमात पडण्याचा. पडकी भिंत, तिच्यावर उगवलेलं झुडूप, तिरपं ऊन, पायथ्याशी एखादा गुराखी, म्हणजे चित्र झालंच. चिनरीनेही हा मसाला वापरला. पण त्याची माणसं मसाल्यासारखी वरून भुरभुरवलेली नाहीत. ती उकिडवी बसून जुगार खेळतात, डोकं भादरून घेतात, कावड खांद्यावर घेऊन निघतात, आणि त्यांच्यामुळे मागच्या भिंतीचा आकार कळतो. ही रीत शिकायची तर कामाचा क्रम उलटा करावा लागतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

सामान

फार लागत नाही. गुळगुळीत पृष्ठभागाचा, साधारण २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. खरखरीत जलरंगी कागदावर निब अडखळते, कागदाचे तंतू उचलते आणि शाई त्यातून फुटते. आकार मोठा नको, वहीच्या पानाएवढा पुरे. चिनरीची पुष्कळशी रेखाटनं लहानच आहेत.

पेन्सिल एचबी. शाईसाठी टाक, म्हणजे दांडी आणि वर बसवायची सुटी निब. जरा लवचिक निब मागा, दाब दिला की फाकते आणि रेघ जाड होते अशी. नव्या निबेवर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो साबणाच्या पाण्याने पुसल्याशिवाय शाई निबेवर बसत नाही, थेंबाथेंबाने निथळते. बरेच जण इथेच वैतागून टाक फेकून देतात. फाउंटन पेनही चालेल, पण त्यात जलरोधक इंडिया इंक कधीही भरू नका. ती आत वाळून घट्ट बसते. आजोबांचं एक चांगलं पेन मी असंच घालवलं आहे.

शाई काळी की तपकिरी? जुन्या रेखाटनांचा तपकिरी रंग बघून लोक सेपिया या तपकिरी शाईच्या मागे लागतात. सेपिया त्या काळी वापरली जातच होती. पण त्या काळातली रोजची लिहायची शाई हिराकस आणि मायफळापासून केलेली असे. ती लिहिताना काळसर दिसते आणि वर्षं जातात तशी तांबूस तपकिरी होते. म्हणजे जुन्या कागदावरचा तो मऊ तपकिरीपणा प्रत्येक वेळी चित्रकाराने निवडलेला असेलच असं नाही, काही वेळा तो काळाचा हात असतो. मी स्वतः गडद तपकिरी जलरोधक शाई वापरतो, कारण निव्वळ काळी रेघ लहान कागदावर फार ओरडते.

सुरुवात एका नकलेने

चिनरीचे कागद आज लंडन, टोकियो, हाँगकाँग, लिस्बन, अमेरिकेतलं सेलम अशा गावांतल्या संग्रहांत विखुरलेले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रांच्या चांगल्या प्रतिमा संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बघायला मिळतात. साओ दोमिंगोस चर्चसमोरच्या बाजाराचं एखादं चित्र शोधा. हा विषय त्याने पुन्हापुन्हा घेतला आहे. अख्ख्या चित्राची नक्कल करू नका. माणसांचा एक घोळका निवडा आणि फक्त तेवढाच, मूळ मापात काढा.

नक्कल करताना दोन गोष्टी हाताला कळतात. एक, चेहरे जवळजवळ नाहीतच. कपाळाची एक रेघ, हनुवटीखाली एक ठिपका, संपलं. दोन, सगळ्यात गडद शाई इमारतीवर नसून माणसांवर आहे, केसांत, पाटीच्या खाली, मांडीच्या घडीत. मागची भलीमोठी भिंत तुटक रेघांनी नुसती सुचवलेली असते. आपण नेमकं उलटं करतो.

माणसं गोळा करणं

हा सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. आठ-दहा दिवस फक्त माणसं काढा, इमारत एकही नाही. मंडई, एसटी स्टँड, घाट, कोळणींचा बाजार, कुठेही. अट एकच: एकच हालचाल परतपरत करणारा माणूस निवडायचा. धार लावणारा, इस्त्रीवाला, हार गुंफणारी, मासे कापणारी. चिनरीच्या वह्यांत न्हावी, लोहार आणि मकावच्या चटईच्या छपराच्या लहान होड्या वल्हवणाऱ्या, होडीवरच राहणाऱ्या तांका जमातीच्या बायका इतक्या वेळा येतात, त्याचं मला वाटतं हेही एक कारण असावं. घण वर जातो, खाली येतो, पुन्हा तसाच वर जातो. चुकलं तर पुढच्या फेरीत दुरुस्त करता येतं.

पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसत्या बघा, पेन्सिल टेकवू नका. मग सगळ्यात बोलकी अवस्था ठरवा आणि ती आली की फक्त एक रेघ मारा: मानेपासून, ज्या पायावर भार आहे त्याच्या टाचेपर्यंत. पुढच्या फेरीला खांद्यांची आणि कमरेची तिरपी रेघ. त्यानंतर हात आणि हातातली वस्तू. डोकं सगळ्यात शेवटी, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लहान. उभा माणूस साधारण सात डोक्यांइतका उंच असतो. आपण घाईत पाच डोक्यांचा काढतो आणि चौकात सगळी लहान मुलं जमल्यासारखी दिसतात.

उकिडव्या बसलेल्या माणसावर वेगळा वेळ द्या. युरोपातून आलेल्या चित्रकाराला हे बसणं नवं, त्याला ते शिकावं लागलं असणार. आपल्याला ते घरचं आहे, तरी काढताना आपण अदृश्य स्टुलावर बसवतो. स्वतः एकदा बसून बघा: टाचा जमिनीला, गुडघे जवळजवळ काखेत, पाठीची कमान, पार्श्वभाग टाचांच्या अगदी जवळ. एकूण उंची उभ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास. हा आकार अंड्यासारखा बंदिस्त असतो. त्यातून फक्त एक हात बाहेर काढला की माणूस कामाला लागतो.

आणि शेजारी शब्दांत टिपणं करा. चिनरीचे वडील अक्षरलेखन शिकवणारे होते आणि घरात लघुलिपी होती. तीच लघुलिपी तो चित्राच्या कडेला वापरायचा, त्यामुळे त्याची टिपणं कित्येक वर्षं लोकांना नुसती गिचमीड वाटत. मोडी येणाऱ्यांनी तिचा इथे खुशाल उपयोग करावा, हात न उचलता लिहिता येतं. मला येत नाही, म्हणून मी खुणा ठरवल्या आहेत: 'ऊ' आणि बाण म्हणजे ऊन इकडून, 'का' म्हणजे हा भाग काळा, 'म' म्हणजे माप तपासलं आहे, घरी बदलायचं नाही. ही तिसरी खूण फार वाचवते. घरी बसल्यावर हात शिवशिवतो आणि बरोबर असलेलं आपण 'सुधारून' बिघडवतो.

जागा आणि नजरेची रेघ

आता वास्तूकडे. ऊन तिरपं असताना जा, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. दुपारी बाराला भिंतीवर सावलीच नसते, आणि सावली नाही तर शाईला काम नाही.

घडीचं स्टूल मांडून बसलात की दुसरं काहीही काढण्याआधी कागदावर नजरेची रेघ काढा, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या पातळीवरची आडवी रेघ. सपाट जमिनीवर या एका रेघेने माणसांचे निम्मे प्रश्न सुटतात. तुम्ही उभे राहून काढत असाल तर तुमच्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे याच रेघेवर येतात, तो दहा फुटांवर असो की दोनशे. लांबचा माणूस लहान होतो म्हणजे त्याचे पाय वर सरकतात, डोकं खाली येत नाही. स्टुलावर बसलात तर तुमचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे रेघ प्रत्येक उभ्या माणसाच्या छातीतून जाते. जवळच्याच्याही आणि लांबच्याच्याही. उकिडवे बसलेले सगळे रेघेच्या खाली.

चर्चच्या पायऱ्यांवर चढून बसलात तर रेघ सगळ्यांच्या डोक्यांवरून जाईल. तेव्हा एका माणसापाशी मोजा: पायापासून डोक्यापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट वर रेघ आली असेल, तर त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाला हाच दुपटीचा हिशेब लावा. एवढं केलं की अधांतरी पाय बंद. मला हे कुणी पंधरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

वास्तू, पेन्सिलीने

आता भिंत. पण मोजायचं माप फूटपट्टीचं नाही, माणसाचं. दारापाशी एखादा माणूस येईपर्यंत थांबा. हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्याने त्याची उंची पकडा. दार किती माणसं उंच? दुसऱ्या मजल्याची पट्टी किती माणसांवर? शिखर? हे तीन आकडे कडेला लिहून ठेवा.

मकावच्या सेंट पॉल चर्चचं उदाहरण घेऊ. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभी राहिलेली ती दगडी दर्शनी भिंत पाच थरांची आहे. तिच्यावर गलबत कोरलेलं आहे, चिनी अक्षरं आहेत, चिनी सिंह आहेत. जानेवारी १८३५ मध्ये आग लागली आणि मागचं चर्च जळून गेलं. आज उरली आहे ती नुसती भिंत आणि तिच्याकडे चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. चिनरीने ते चर्च आगीआधी धड उभं असताना काढलेलं आहे. अशी भिंत कागदावर उतरवायला बसलात आणि गलबतापासून सुरुवात केलीत, तर तिसऱ्या थरावर कागद संपेल. आधी पाच आडव्या पट्ट्या, मग मधली उभी अक्षरेषा, मग खांबांच्या जागा, मग पोकळ्या, म्हणजे दारं-खिडक्या. नक्षी एखाद्याच ठिकाणी स्पष्ट, बाकी ठिकाणी तिचा नुसता आभास. नजर आपोआप उरलेलं पूर्ण करते.

वसईच्या किल्ल्यात हा सराव उत्तम होतो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, त्याआधी दोनशे वर्षं तिथे पोर्तुगीज होते, आणि बिनछपराच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. माणसंही भरपूर: जाळी घेऊन जाणारे, शेळ्या, क्रिकेट आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. लांबलचक गाऊन पसरलेली ती मुलगी आणि तिच्या मागे चांदीचा परावर्तक धरून कंटाळलेला पोरगा. चिनरीने गाऊन सोडून त्या पोराला काढलं असतं अशी माझी खात्री आहे. एखाद्या माणसाला जवळून, ओळखू येईल असं काढायचं असेल तर आधी विचारा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला ती गरज वाटत नव्हती, आपल्याला वाटली पाहिजे. तिपाई लावायची असेल तर पहारेकऱ्यालाही विचारलेलं बरं.

माणसं बसवणं

वहीतली माणसं आता कामाला येतात. जागेवर दिसणारे दोन-तीन जण आणि वहीतले चार-पाच, असं मिश्रण चालतं. मात्र उजेडाची दिशा जुळली पाहिजे, म्हणून तो 'ऊ' आणि बाण.

एक मोठा घोळका, त्यापासून लांब एक जोडी आणि अगदी दूर एकटा, एवढ्यावर चित्र उभं राहतं. घोळक्यातली माणसं एकमेकांवर चढू द्या: एकाच्या खांद्याने दुसऱ्याचं तोंड झाकलं तरी चालेल. सुटी सुटी ओळीने उभी केली की ओळखपरेड वाटते. उंच-सखलपणा ठेवा, एक उभा, एक वाकलेला, दोन उकिडवे. आणि घोळक्यातल्या सगळ्यांचं लक्ष एका ठिकाणी असू द्या, पाटीत, पत्त्यांत, भांडणात. तिथे काय चाललंय हे बघणाऱ्याला दिसलं नाही तरी हरकत नाही.

जागा ठरवताना मागे काय येतंय ते बघा. काळसर कपड्यांतला माणूस उन्हातल्या भिंतीपुढे, पांढऱ्या कपड्यांतला अंधाऱ्या दारापुढे. हा एक नियम पाळला तर पुढे शाईत अर्धी मेहनत वाचते. कावडवाला किंवा डोक्यावर पाटी घेतलेली बाई अशी रिकाम्या भिंतीपुढे आणा की तिची बाह्यरेषा मोकळी दिसेल.

शाई, घरी

जागेवर शाई लावू नका. चिनरीही पेन्सिलीचं काम बाहेर आणि शाई बऱ्याचदा घरी, अशीच वाटणी करायचा. घरी टेबल असतं, वारा नसतो, आणि 'कुठे थांबू' याचा विचार करायला वेळ असतो.

क्रम काटेकोर पाळा: सगळ्यात पुढची माणसं आधी, मग मागची, मग इमारत. भिंतीची रेघ माणसापाशी येऊन थांबते, त्याच्या पोटातून जात नाही. उलट केलंत तर माणूस काचेचा होतो आणि शाई खोडता येत नाही.

निब शाईत तिच्या भोकाच्या निम्म्यापर्यंतच बुडवा, काठावर टेकवून थेंब झटका, आणि दर वेळी रद्दी कागदावर एक रेघ मारून मग चित्रावर या. रेघ स्वतःकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. ढकलली की निब कागदात रुतते आणि शिंतोडे उडतात. अडचण आली तर कागद फिरवा.

माणसाच्या सावलीच्या बाजूची रेघ दाबून, उजेडाच्या बाजूची हलकी किंवा चक्क गाळलेली. उन्हातल्या खांद्याला रेघ लागतच नाही. कपड्याच्या घड्या जिथे शरीर वाकतं तिथेच: कोपर, गुडघा, कंबर. ओळख पटवणारी एक खूण मात्र गडद आणि नेमकी काढा. चिनरीच्या चिनी पुरुषांची पाठीवरची वेणी किंवा शंकूसारखी टोपी एका फटकाऱ्यात येते. आपल्याकडे टोपीचं टोक, खोचलेला पदर, खांद्यावरचा गमछा.

इमारतीची रेघ याच्या निम्म्या दाबाने आणि तुटक. उन्हाची कड सोडून द्या. पोपडे गेलेल्या जागी चार-पाच विटा दाखवा, बस. वरच्या कडेला गवताचे दोन-तीन फटकारे. जितकं मागे, तितकी शाई पातळ. थोडं पाणी घालून वेगळ्या बशीत ठेवा.

सावली

शाई वाळली की, किमान अर्ध्या तासाने, सावल्यांच्या समांतर रेघा. सगळ्या एकाच तिरप्या दिशेने, मनगट न वळवता. सुरुवातीला आडव्यातिडव्या जाळीच्या मोहात पडू नका, लहान चित्रात तिची गोणपाटं होतात. गडद करायचं तर त्याच दिशेने दुसरा थर, मधल्या फटींत. दारं-खिडक्यांच्या आत वरून गडद, खाली येताना विरळ, कारण जमिनीवरून उजेड परत येतो. आणि प्रत्येक माणसाच्या पायाशी एक छोटी आडवी सावली. तिच्यामुळे माणूस जमिनीला चिकटतो. इतर काही विसरलात तरी चालेल, ही नाही.

पाण्यात कालवलेल्या शाईचा ब्रश फिरवायचा असेल तर एकच हात, सावलीच्या भागावर, आणि बाजूला व्हायचं. शाई जलरोधक आहे ना, हे आधी दुसऱ्या कागदावर तपासा.

डाग पडलाच तर पुसू नका. टिपकागद टेकवा, वाळू द्या, मग बघा: त्याचं कुत्रं होतं का, डुक्कर, मडकं? चिनरीच्या मकावमध्ये डुकरं बक्कळ आहेत. डागातून जन्मलेलं डुक्कर तिथे सहज खपलं असतं. पेन्सिलीच्या रेघा खोडण्याची घाई नको. शाई रात्रभर वाळू द्या, मग पिठासारखं मऊ पुट्टी रबर टेकवून उचला, घासू नका. नजरेची रेघ मात्र मी बऱ्याचदा तशीच ठेवतो.

उजवीकडचा मनोरा राहिला असेल, एक माणूस अजून पेन्सिलीतच असेल, तरी राहू द्या. अर्धा शाईत, अर्धा पेन्सिलीत असलेला कागद पुढच्या वेळी जास्त उपयोगी पडतो. कोपऱ्यात दिवस, महिना, वर्ष आणि वेळ लिहा. चिनरीही आपल्या रेखाटनांवर तारखा घालायचा.